प्लगइन चालू आहे, पण पानावर काय उतरलंय?

मंडळी, वर्डप्रेसच्या साइटवर योस्ट किंवा रँक मॅथ हे एसइओचं, म्हणजे शोधयंत्रांना पान नीट समजावं म्हणून बसवलेलं प्लगइन आहे की नाही, हे तपासणं सोपं आहे. पानाचा सोर्स (त्यामागचा कोड) उघडलात की योस्टने स्वतःच्या नावाची टिप्पणी तिथे लिहिलेली सापडते. रँक मॅथचंही तसंच. छोटी स्क्रिप्ट ती टिप्पणी शोधते, हिरवी खूण दाखवते आणि अहवालात ‘इंटिग्रेशन झालं’ असं लिहिलं जातं. खरं तर यातून फारसं काही कळत नाही. योस्टची ती टिप्पणी एका फिल्टरने (कोडमधल्या छोट्या बदलाने) बंद करता येते, म्हणजे ती दिसली नाही तरी प्लगइन असू शकतं. आणि दिसली, तरी बाकीचं सगळं नीट आहे असं होत नाही.

प्लगइनचा मजकूर पानात येतो कसा, ते आधी बघू. वर्डप्रेसच्या थीममध्ये हेडरची फाइल असते आणि तिच्यात ‘डब्ल्यूपी हेड’ हे फंक्शन बोलावलेलं असतं. टायटल, वर्णन, कॅनॉनिकल (मूळ पानाचा पत्ता सांगणारी खूण), स्कीमा (पान कशाबद्दल आहे ते यंत्राला सांगणारी माहिती) हे सगळं प्लगइन त्याच दाराने आत सोडतं. एखाद्याने हाताने बनवलेल्या थीममध्ये ते फंक्शन बोलावलंच नसेल, तर डॅशबोर्डवर प्लगइन सुरू दिसतं, तुम्ही वर्णनं लिहीत राहता, आणि पानावर एक अक्षरही येत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात डॅशबोर्डवरून नको, सर्व्हरने दिलेल्या एचटीएमएलवरून हवी. तीही लॉगआउट अवस्थेत. लॉगइन केलेल्या माणसाला बहुतेक वेळा कॅश (साठवून ठेवलेली प्रत) टाळून ताजं पान मिळतं, क्रॉलरला (शोधयंत्राच्या पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) मात्र कॅशमधलं जुनं मिळू शकतं.

खरा घोळ असतो तो दुहेरीपणाचा. जुन्या थीम टायटल स्वतःच लिहायच्या. ते काम वर्डप्रेसवर सोपवायची सोय डिसेंबर २०१४ मध्ये, ४.१ आवृत्तीत आली. कधी कोणीतरी जुनं एसइओ प्लगइन न काढता नवं बसवतं. मग एका पानावर दोन कॅनॉनिकल येतात, एकाच लग्नपत्रिकेवर दोन कार्यालयांचे पत्ते छापावेत तसे. कॅनॉनिकल ही खूण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये आणली, ती ‘मूळ पान हे’ असं सांगण्यासाठी. दोन परस्परविरोधी दिल्यात तर गूगल बहुधा दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. रोबोट्स टॅग, म्हणजे पान शोधात दाखवायचं की नाही हे सांगणारी खूण, तिचा न्याय मात्र वेगळा: तिथे दोन सूचना भांडल्या तर जी जास्त कडक ती लागू होते. म्हणजे एक ‘इंडेक्स’ आणि एक ‘नोइंडेक्स’ असेल, तर पान शोधातून बाहेर. म्हणून स्क्रिप्टने ‘टॅग सापडला का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘किती सापडले’ हे विचारायचं, आणि उत्तर एकच आलं तर आतलं मूल्य बघायचं. स्टेजिंगवरून (चाचणीच्या प्रतीवरून) साइट हलवताना कॅनॉनिकलमध्ये स्टेजिंगचा पत्ता राहून गेला असेल, तर टॅग एकच असतो, पत्ताही सुबक असतो, फक्त चुकीचा असतो.

लाइटहाउस हे गूगलचं पान तपासणारं साधन चालवा, जरूर चालवा. टायटल नसणं, वर्णन नसणं, इंडेक्सिंग अडवलेलं असणं ते पकडतं. पण या पानाचं टायटल काय असायला हवं होतं, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हीच लिहून ठेवायचं: मुख्यपान, एखादा लेख, एक वर्ग (कॅटेगरी), त्याच वर्गाचं दुसरं पान, शोधाचं पान आणि ४०४ (पत्ता न सापडल्यावर दिसणारं पान). प्रत्येकाची अपेक्षित मूल्यं एका फाइलीत. प्लगइन किंवा थीम अपडेट झाली की हीच यादी प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने) नाहीतर साध्या पायथन स्क्रिप्टने पुन्हा तपासायची.

साइटमॅपचं, म्हणजे शोधयंत्रांसाठी दिलेल्या पत्त्यांच्या यादीचंही तसंच. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःचा साइटमॅप देतं आणि योस्ट आपला वेगळा देतं, तेव्हा रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (क्रॉलरने कुठे जावं ते सांगणाऱ्या फाइलीत) कोणाचा पत्ता आहे ते बघा. साइटमॅपमधला प्रत्येक पत्ता उघडून त्यावर नोइंडेक्स नाही ना, हेही बघा. आणि रोबोट्स डॉट टीएक्सटीने अडवलेल्या पानावर नोइंडेक्स लावून उपयोग नाही. क्रॉलर आतच शिरला नाही तर ती सूचना वाचणार कोण?

आता खास आपल्या मराठी साइटींचं दुखणं. वर्डप्रेस स्लगसाठी (शीर्षकावरून बनणाऱ्या पत्त्याच्या शेवटच्या भागासाठी) २०० जागा देतं, पण पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी टक्केचिन्हांच्या रूपात नऊ जागा खाते. म्हणजे बाविसेक चिन्हांत जागा संपली. ‘महाराष्ट्रातील पावसाळी भटकंती’ हे शीर्षक ‘महाराष्ट्रातील-पावसाळी-भ’ इथे तुटतं. हे प्रकाशनाआधीच पकडलेलं बरं. दुसरं असं, की वर्डप्रेस ही टक्केचिन्हं लहान लिपीतल्या रोमन अक्षरांत साठवतं, पायथन मात्र ती मोठ्या लिपीत बनवतं. पत्ता तोच, पण अक्षरशः तुलना केली की नापास. म्हणून आधी दोन्ही बाजू डिकोड करून देवनागरीत आणा, मगच ताडून बघा. नाहीतर लेखाचं प्रत्येक पान लाल दिसेल आणि आठवड्याभरात कोणीतरी वैतागून ही तपासणीच बंद करून टाकेल.