बोंड फोडून बघणारी शाळा

ऊन चढायच्या आत कपाशीत उतरायचं, कारण तापल्यावर किडी पानाआड दडतात. ही शेतीशाळा, शेतकऱ्यांनी शेतातच बघून शिकायची. हिची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीत झाली. तिथं फवारण्या वाढल्या तसे तपकिरी तुडतुडेही वाढले, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि किडे आधी मेले होते.

शेतकऱ्यांचे गट करून शेतभर विखुरलेली २० झाडं निवडायची. नुसती बांधालगतची घेतली तर अंदाज चुकलाच. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून मावा, तुडतुडे, फुलकिडे मोजायचे. सोबत या किडी खाणारे मित्रकीटक, म्हणजे ढालकिडा आणि क्रायसोपा, हेही मोजायचे. मित्रकीटकांचा रकाना कोरा राहिला, की सगळ्यांचं मत हमखास फवारणीकडे झुकतं.

गुलाबी बोंडअळीचं पान बघून भागत नाही. अंड्यातून निघालेली अळी लगेच पात्यात (कळीत), फुलात किंवा बोंडात शिरते. छिद्र बुजतं आणि बोंड वरून ठणठणीत दिसतं. फवारा आत पोचतच नाही. म्हणून एकरातून २० हिरवी बोंडं तोडून तिथंच फोडायची. दोन बोंडांत अळी किंवा किडलेली सरकी निघाली, म्हणजे १० टक्के नुकसान; आता फवारणीचा विचार करायचा. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. ती अळीसकट नष्ट करायची. बांधावर फेकली तर अळी बाहेर पडून मातीत कोषात जाते.

मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग तीन रात्री सापळ्यात ८-८ पतंग आले, तर तोही इशाराच. सापळे रिकामे म्हणून निर्धास्त राहू नका. आधी ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) तपासा: कधी ती हिरव्या बोंडअळीची निघते, कधी मुदत संपूनही तशीच लटकत असते.

मग झाडाखाली बसून कागदावर कपाशीचं झाड काढायचं, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, आणि निर्णय गटानंच घ्यायचा. अधिकाऱ्यानं औषधाचं नाव सांगून टाकलं, की शाळा तिथंच संपली. आणखी एक खोट आहे. खुरपणी-वेचणी बायकांच्या हातची, डोमकळी पहिली त्यांनाच दिसते. हजेरीपटावर मात्र बहुतेक नावं पुरुषांची.

शेवटचा वर्ग वेचणी संपल्यावर, पऱ्हाटी (कपाशीची उभी वाळकी झाडं) उपटताना. फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही कपाशी उभी ठेवून आणखी पीक घेतलं, तर अळीला खाद्य मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.