साका कमी दिसला, तरी प्रथिन कमी असेलच असं नाही

मंडळी, विषय जाहीर झालाय 'प्रतिपिंडांच्या साक्यावरून प्रथिनं कशी मोजतात'. ते सांगणारच आहे, पण आधी साका मोजायला शिकवणाऱ्या हायडेलबर्गरबद्दल बोलू द्या. समोर बहुतेक लॅबमधलीच माणसं दिसताहेत, त्यामुळे प्रतिपिंड म्हणजे काय इथपासून सुरुवात नको; परक्या पदार्थाला चिकटणारं रक्तातलं प्रथिन, एवढं पुरे.

रुडॉल्फ क्राउसनं १८९७ साली व्हिएन्नात दाखवलं, की जंतूंच्या कल्चरच्या गाळलेल्या द्रवात त्यांचं अँटिसीरम (त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं असलेलं सिरम) घातलं की नळी गढूळ होते, साका म्हणजे गाळ बसतो. पुढे कित्येक वर्षं लोक साका आला की नाही एवढंच बघत राहिले. मायकेल हायडेलबर्गर मूळचा सेंद्रिय रसायनाचा माणूस, त्याला वजन हवं होतं. १९२३ साली ऑसवल्ड एव्हरीबरोबर काम करताना न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणातला पदार्थ हाती आला, तो निघाला पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. आणि या जंतूच्या टाइप तीन या प्रकारच्या पॉलिसॅकराइडमध्ये नायट्रोजन नाहीच! म्हणजे साक्यात सापडेल तेवढा नायट्रोजन सगळा प्रतिपिंडाचा. साका थंड सलाइननं धुवायचा, केल्डाल पद्धतीनं नायट्रोजन काढायचा, की प्रतिपिंडाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये हातात. इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात ती शिकवतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

फॉरेस्ट केंडॉलबरोबर १९३५ साली त्यानं या अभिक्रियेचा हिशेब मांडला. अँटिसीरम तेवढंच ठेवून अँटिजेन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो पदार्थ, वाढवत न्या. साका वाढतो, शिगेला पोचतो, आणि त्यापुढे चक्क कमी व्हायला लागतो. प्रतिपिंडाला दोन हात. अँटिजेन बेताचं असलं तर हातात हात गुंफून मोठा फेर धरला जातो, तोच साका. अँटिजेनची गर्दी झाली की प्रत्येक हाताला वेगळा जोडीदार मिळतो आणि फेर जमतच नाही. म्हणजे थोडासा साका दोन ठिकाणी मिळतो: अँटिजेन फार कमी असताना आणि फार जास्त असताना.

आता माझी तक्रार. परिचयातले एक आजोबा. पाठ दुखतेय, हिमोग्लोबिन उतरलंय, किडनीचं क्रिएटिनिन चढतंय. मायलोमाची, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची शंका म्हणून फ्री लाइट चेन (प्रतिपिंडाचे रक्तातले सुटे तुकडे) तपासल्या, त्यांतला कॅपा प्रकार जवळपास नॉर्मल. घरचे निर्धास्त झाले. पण लघवीच्या इम्युनोफिक्सेशनमध्ये (असं प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी तपासणी) कॅपाचा जाड पट्टा, अगदी डोळ्यांत भरण्याजोगा! मी लॅबला फोन केला: "तेच सिरम आणखी डायल्यूट करून लावा." लावलं, तर आकडा कितीतरी पटींनी वर. इथे लाइट चेन हेच अँटिजेन, त्याची गर्दी होऊन आधी साका कमी पडला होता. नव्या यंत्रांत अँटिजेनच्या अतिरेकाची तपासणी असते हे मलाही ठाऊक आहे. पण प्रत्येक मायलोमाची लाइट चेन वेगळी असते, त्यामुळे ती तपासणी कधीकधी हुकते. दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नव्हते आणि सही करणाऱ्यानं ते शेजारी ठेवून पाहिलेही नव्हते. याचा मला राग आहे, आणि तो राहणार.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा भराभर सांगतो.

मान्चिनी आणि सहकाऱ्यांची पद्धत, १९६५. अगारच्या जेलीमध्येच अँटिसीरम मिसळून ताटली ओतायची, भोकं पाडायची, त्यांत सिरम भरायचं. सिरम पसरतं आणि समतोल साधला की पांढरं कडं थांबतं. व्यासाचा वर्ग अँटिजेनच्या प्रमाणात वाढतो. प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचा, म्हणजे स्टँडर्डचा आलेख काढा, पट्टीनं व्यास मोजा. आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे प्रकार: आयजीजीला साधारण दोन दिवस, आयजीएम आकारानं मोठं म्हणून त्याहून जास्त. आयजीएमचे सुटे तुकडे रक्तात असले तर ते लवकर पसरतात आणि आकडा फुगतो.

लॉरेलनं १९६६ साली पसरण्याची वाट न बघता वीज लावली. साक्याचा रॉकेटसारखा सुळका उठतो, उंचीवरून प्रमाण कळतं, काम काही तासांत. नेफेलोमीटर हे यंत्र साका बसायचीही वाट बघत नाही. कण जमताना प्रकाश किती विखुरतो ते मोजून मिनिटांत आकडा देतो. वेग वाढवायला त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन घालतात.

पण या तिन्ही पद्धतींच्या मुळाशी हायडेलबर्गरचाच वक्र आहे. म्हणून माझं मागणं एवढंच: क्लिनिकल चित्राशी न जुळणारा प्रत्येक कमी आकडा छापण्याआधी नमुना दहापट डायल्यूट करून पुन्हा लावा. डायल्यूशनच्या पटीनं गुणून उत्तर तेच आलं तर सही करा. वाढलं तर आणखी डायल्यूट करा आणि डॉक्टरांना स्वतः फोन करा.