खांबांच्या बेटावरचा खांब

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावरचं हे वाडगं बघून मघाशी दोघातिघांनी विचारलं, की आज खाण्याची सोय पुढेच केलीय का? नाही. त्यात कॉर्नफ्लोअर आहे, घरी गॅलरीत बल्बखाली आठवडाभर वाळवलेलं. ते खायचं नाही, बघायचं आहे. पण थोडं थांबा.

आजचा विषय आहे सेंट मेरी बेटं. उडपी हॉटेल माहीत नाही असा माणूस या सभागृहात नसेल. तर ते उडुपी गाव, तिथून पाच-सहा किलोमीटरवर मालपे बंदर, आणि मालप्याहून समुद्रात साधारण सहा किलोमीटर गेलं की ही बेटं. मालपे हे मोगवीर लोकांचं, म्हणजे तिकडच्या कोळ्यांचं बंदर. यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत, त्यामुळे आपल्याला हा मुलूख अगदीच परका नाही. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण ओळीत ही बेटं पसरली आहेत. मोठी म्हणावीत अशी चार: नारळाचं बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट. ‘मोठी’ हा शब्द जरा जपूनच घ्या. नारळाचं बेट हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं, आणि त्याची लांबी सुमारे पाचशे मीटर, रुंदी शंभरेक मीटर. आपल्याकडची एखादी मध्यम सोसायटी. स्थानिक लोक त्याला तोंसेपार म्हणतात; तोंसे हे समोरच्या किनाऱ्यावरचं गाव.

तिथे वस्ती नाही. दिवसा पर्यटकांच्या बोटी येतात, संध्याकाळी परततात. पावसाळ्यात तेही बंद. जून लागला की तिथला समुद्र कोणाचं ऐकत नाही.

आता वस्ती नसण्याचा एक परिणाम असा, की कोणीही काहीही सांगावं. गावाबद्दल चुकीचं बोललात तर गावातला एखादा म्हातारा उठून म्हणतो, “अहो, असं नाही.” इथे म्हणणार कोण? आम्ही गेलो तेव्हा बोटीवर एक हसतमुख पोरगा माहिती सांगत होता. त्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, वास्को द गामा भारतात पहिल्यांदा उतरला तो इथे आणि मग पुढे कालिकतला गेला. दोन, हे दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच लाव्हा, इथवर वाहत आलेला. बोटीतल्या पुण्याच्या एका काकांनी दुसऱ्या गोष्टीला मान डोलावली. काळा दगड दिसला की आपण मराठी माणसं लगेच नातं जोडतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि खऱ्या गोष्टी त्याहून जास्त रंगतदार आहेत.

आधी वास्को. नकाशा डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेच्या मालिंदीहून तो २४ एप्रिल १४९८ला निघाला, वाटाड्या घेऊन, थेट समुद्र कापत. १८ मेच्या सुमारास त्याला जमीन दिसली ती एळीमलाची, म्हणजे आजच्या केरळातल्या कण्णूरजवळच्या डोंगराची. २० मेला तो कालिकतजवळ नांगर टाकून उभा होता. एळीमला मालप्याच्या दक्षिणेला, कालिकत त्याच्याही दक्षिणेला. म्हणजे येताना तो मालप्यापाशी फिरकलाच नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना वाटेत नाशिक लागलं, असं कोणी म्हणालं तर आपण काय म्हणू?

तो इथे आला परतताना. कालिकतच्या सामुतिरीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, त्याचं फाटलं होतं. २९ ऑगस्टला तो निघाला, काही मलबारी माणसं ओलीस म्हणून जहाजावर ठेवून. वाराही सोयीचा नव्हता, त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने रखडत उत्तरेला सरकत होता. त्या सफरीतल्या एकाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात १५ सप्टेंबर, शनिवार, अशी नोंद आहे: किनाऱ्यापासून दोनेक लीग अंतरावर काही छोटी बेटं लागली, होडी उतरवली आणि त्यातल्या एका बेटावर खांब उभा केला.

हा खांब काय होता? पोर्तुगीज भाषेत ‘पाद्रांव’. वर क्रूस, अंगावर राजाचं चिन्ह कोरलेला दगडी खांब. नवी किनारपट्टी सापडली की तो रोवायचा, म्हणजे आम्ही आधी आलो याचा पुरावा. राजाने वास्कोबरोबर तीन खांब दिले होते. सां राफाएल नावाचा आफ्रिकेत एका नदीच्या मुखाशी रोवला, सां गाब्रिएल कालिकतला दिला, आणि तिसरा उरला होता सांता मारिया. तो इथे लागला. बेटांना सेंट मेरी हे नाव पडलं त्या खांबावरून. जहाज घराकडे वळलंय, सामानात एक खांब शिल्लक आहे, राजाला हिशेब द्यायचाय. मला तरी यात नव्या भूमीच्या शोधापेक्षा कारकुनी जास्त दिसते.

त्या नोंदीतला पुढचा प्रसंग मला फार आवडतो. कोळ्यांच्या होड्या मासे घेऊन जहाजांजवळ आल्या. वास्कोने त्यांना सदरे दिले. मग विचारलं, या बेटावर खांब उभा केला तर चालेल ना? ते म्हणाले, आनंदाने करा. त्यावरून तुम्ही आमच्यासारखेच ख्रिस्ती आहात हे पक्कं होईल. आता सांगा, मालप्यासमोरचे कोळी १४९८मध्ये ख्रिस्ती कुठून असणार? कालिकतला याच मंडळींनी एका देवळात जाऊन, ते चर्च समजून प्रार्थना केली होती. मुसलमान नाही म्हणजे ख्रिस्तीच, एवढंच त्यांचं गणित. जहाजावरचे दुभाषे अरबी बोलणारे, समोरचे कोळी बहुधा तुळू बोलणारे. मधे किती हातवारे झाले असतील देव जाणे. “मासे घेता का?” याचंही उत्तर रोजनिशीत “आम्ही ख्रिस्ती आहोत” असं नोंदलं गेलं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

पुढे तो अंजदीवला गेला. कारवारसमोरचं ते बेट, आजही गोव्याच्या हद्दीत धरतात. तिथून ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे निघाला आणि पलीकडे पोचायला जवळजवळ तीन महिने लागले. येताना हाच पल्ला महिन्याच्या आत झाला होता. हिरड्या सुजून, स्कर्व्हीने माणसं पटापट मेली. वाऱ्याचा हंगाम न पाहता निघाल्याची किंमत. मालप्यातल्या कुठल्याही तांडेलाने त्याला सांगितलं असतं, थोडे दिवस थांब म्हणून.

तो खांब आज तिथे नाही. आणि गंमत अशी, की ज्या बेटसमूहावर त्याने एक खांब रोवला तिथे निसर्गाचेच अगणित दगडी खांब उभे आहेत. रोजनिशीत त्यांचा उल्लेखही नाही.

त्या खांबांकडे येऊ. आणि वाडग्याकडे. कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारखं घेऊन कालवलं, दोन बोटं जाडीचा थर केला आणि वाळवला. आधी वरून मोठ्या, वेड्यावाकड्या भेगा पडल्या, तळ्यातला चिखल सुकल्यावर पडतात तशा. पण हा तुकडा मी आता उलटा करतो… पुढच्या रांगेतल्यांना दिसेल. दिसले? काड्यांच्या जुडीसारखे बारीक खांब. वरचा भाग आधी सुकून आकसतो, चीर पडते आणि सुकणं जसजसं खाली सरकतं तसतशी चीर खाली उतरते. आकसण्याचा ताण कमीत कमी भेगांत सुटावा म्हणून चिरा एकमेकींना साधारण १२० अंशांत मिळतात आणि षटकोन तयार होतो. तंतोतंत नाही. मोजलेत तर पाच बाजूंचे सापडतील, सात बाजूंचेही.

लाव्हात पाणी सुकण्याऐवजी उष्णता जाते, एवढाच फरक. थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून चिरा आत शिरतात. म्हणून खांब उभाच असेल असं नाही. नारळाच्या बेटावर काही सरळ उभे आहेत, काही कललेले. एखाद्याचा माथा पायाखाली फरशीसारखा येतो, शेजारचा छातीएवढा, आणि उंचातले उंच सहा मीटरपर्यंत जातात. मी एका माथ्यावर हात ठेवून बाजू मोजल्या, सहा आल्या. शेजारच्याच्या पाच. मग तासभर मी तेच करत बसलो आणि बायको शिंपले वेचत बसली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या बेटांना राष्ट्रीय भूस्मारकाचा दर्जा दिला आहे, तो या खांबांसाठीच.

असे खांब आपल्याकडेही आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल, पन्हाळ्याजवळचं बांदिवडे. मग बोटीवरचा पोरगा चुकला कुठे? दगडाच्या जातीत आणि वयात. आपला काळा कातळ बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचा तो लाव्हा दक्षिणेला सिंधुदुर्ग-बेळगावच्या आसपास संपतो. पुढे उडुपीपर्यंत किनाऱ्यावर वरती जांभा आणि खाली ग्रॅनाइटसारखे कितीतरी जुने खडक. त्या सगळ्या पट्ट्यात ही बेटं एकटीच ज्वालामुखीची. दगडही बेसाल्ट नाही, रायोलाइटच्या कुळातला: सिलिका जास्त, दाट, चिकट लाव्हापासून झालेला. आणि वय साडेआठ ते नऊ कोटी वर्षं. म्हणजे सह्याद्रीच्या कातळाहून किमान दोन कोटी वर्षांनी थोरला. त्याला धाकट्याचं पोर ठरवणं म्हणजे पणजोबांना नातवाच्या घरी पाहुणे म्हणून आलेत असं म्हणण्यासारखं.

मग याचं गणगोत कुठे? मादागास्करात. त्या काळी भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटून होते. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा झोत वर आला, दोन्हीकडे लाव्हा ओतला गेला आणि जमीन फाटली. मादागास्करात त्याच काळाचे ज्वालामुखी खडक भरपूर आहेत. आपल्या वाट्याला आले ते हे तुकडे. शिवण उसवल्यावर कापडाच्या एका काठाला चार टाके लोंबत राहावेत, तसे. आज मधे साडेतीन-चार हजार किलोमीटर समुद्र आहे. पुढे दख्खनच्या लाव्हाच्या सुमारास सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटला. म्हणजे आपला पश्चिम किनारा एकदा नाही, दोनदा फाटलाय.

इतिहासातलं एक राहिलं. दर्याबहादूरगड या बेटाच्या नावातला गड बिदनूरचा राजा बसप्पा नायक याने अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. बिदनूरकरांचं मोठं बंदर बसरूर, मालप्याच्या उत्तरेला. फेब्रुवारी १६६५मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन उतरले ते याच बसरूरला. परतताना गोकर्णाला गेले. म्हणजे या बेटांपाशी ते आले नव्हते. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढच्या वर्षी बोटीवर तिसरी गोष्ट सुरू होईल.

चिठ्ठी आलीय: “तिथून आठवण म्हणून एखादा खडा आणला तर चालतो का?” नाही हो ताई, स्मारक आहे ते. शिंपले काय ते बघा, खांबाला हात लावा, मोजा, फोटो काढा. आणि अगदीच राहवलं नाही, तर कॉर्नफ्लोअर कुठल्याही वाण्याकडे मिळतं. हा तुकडा मात्र मी घरी नेणार आहे, नातीला दाखवायचाय. पुढे या आणि बघा, फक्त फुंकर मारू नका.