गादीत शिवलेली निशाणं

ऑक्टोबर १७७७. अमेरिकेतलं साराटोगा. हडसन नदीकाठच्या एका घराचं तळघर. आत जखमी शिपाई, त्यांच्या बायका, आणि तीन लहान मुलींना जवळ घेऊन बसलेली एक जर्मन बाई. वर तोफगोळे घराच्या आरपार जाताहेत. एका शिपायाचा पाय कापायचा म्हणून त्याला टेबलावर निजवलंय. तेवढ्यात गोळा येतो आणि त्याचा उरलेला पायही घेऊन जातो. नदी समोर दिसते, पण पाण्याला जायचं कोणी? शेवटी एका शिपायाची बायको उठते. बाईमाणसावर शत्रू गोळी झाडत नाही.

हे सगळं त्या बाईनंच लिहून ठेवलंय. तिचं नाव फ्रीडेरिके. तिचा नवरा बाहेर मोर्च्यावर आहे: जनरल फ्रीडरिश आडोल्फ रीडेझेल.

हेस प्रांतातल्या लाउटरबाखच्या सरदार घराण्यात तो १७३८ साली जन्मला. वडिलांनी कायदा शिकायला मारबुर्गला धाडलं. पोरगं पलटणीची कवायत बघण्यात रमलं आणि सैन्यात शिरलं. युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) ब्राउनश्वाइग या जर्मन राज्याचा राजपुत्र फर्डिनांड याच्या हाताखाली त्यानं नाव काढलं.

अमेरिकेशी त्याचं वैर काहीच नव्हतं. ब्राउनश्वाइगचं राज्य कर्जात बुडालेलं. तिकडे अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होत्या. १७७६ मध्ये ब्राउनश्वाइगच्या ड्यूकनं, म्हणजे तिथल्या राजानं, पैसे घेऊन इंग्लंडला फौज दिली आणि त्या फौजेचा सेनापती म्हणून रीडेझेल बोटीत चढला. पुढच्या वर्षी मुलींना घेऊन बायकोही मागोमाग पोहोचली.

माणूस मात्र कामाचा. हबर्डटनच्या लढाईत इंग्रज अडचणीत होते, तेव्हा यानं आपल्या शिपायांना बँड वाजवत, मोठ्यानं गात पुढे घातलं. फौज आहे त्याहून मोठी वाटावी म्हणून! साराटोगाजवळच्या फ्रीमन्स फार्मच्या लढाईतही ऐन वेळी त्याचीच कुमक धावून आली. पुढे त्यानं माघारीचा सल्ला दिला. इंग्रज सेनापती बर्गॉइननं वेळ घालवला, आणि १७ ऑक्टोबरला सगळ्यांनीच शस्त्रं खाली ठेवली.

पलटणींची निशाणं मात्र दिली नाहीत. जाळली, असं अमेरिकनांना सांगितलं. खरं तर नुसत्या काठ्या जाळल्या होत्या. पुढे कैदेत असताना फ्रीडेरिकेनं एका विश्वासू शिंप्याला घेऊन दार लावलं आणि सगळी निशाणं एका गादीत शिवून टाकली. एक अधिकारी ती गादी आपलं अंथरूण म्हणून न्यूयॉर्कला घेऊन गेला.

१७८० मध्ये न्यूयॉर्कला चौथी मुलगी झाली. नाव ठेवलं अमेरिका. पुढे कॅनडात झालेली मुलगी 'कॅनडा' काही महिन्यांतच गेली.

१७८३ मध्ये फौज परतली. गेलेल्या सुमारे ५,७०० पैकी २,७००. काही मेले, काहींनी तिकडेच संसार थाटला. रीडेझेल पुढे हॉलंडच्या मोहिमेवर गेला, मग ब्राउनश्वाइग शहराचा कमांडंट झाला, आणि जानेवारी १८०० मध्ये तिथंच वारला.