दोन बोटं माया

श्रोतेहो, नमस्कार.

शिवणकामात एक शब्द आहे, माया. कापड बेतताना मापाच्या बाहेर जे थोडं जास्तीचं राखून ठेवतात आणि जे शिलाईच्या आत दुमडून जातं, त्याला आपल्याकडचे शिंपी माया म्हणतात. "काकू, दोन बोटं माया सोडलीय, पुढच्या वर्षी उसवून सैल करा," असं सांगतात. मी शिवण शिकले ते आईकडून, सांगलीच्या गावभागातल्या घरात, पायमशीनवर. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मोठ्यांचं कापड मापाला बेतायचं आणि पोरांचं मायेला. आज मला बोलायचंय ते या पोरांच्या कापडाबद्दल. बारशाची कुंची, बोरन्हाणाचं काळं झबलं, शाळेतली वेशभूषा, वाढदिवसाचा परकर. हे घरी शिवावं असं मला मनापासून वाटतं. पैसे वाचतात म्हणून नाही, चांगला खण काही स्वस्त येत नाही. पण आपल्या पोराला गळ्याशी काय टोचतं, ते कुठं खाजवतं, धावताना कुठं अडखळतं, हे घरातल्या माणसाला ठाऊक असतं.

आधी कुंचीचं सांगते. कुंची म्हणजे टोपडं आणि पाठीवर सोडलेला झोळ, दोन्ही एकातच. लांबट तुकड्याची दुमड घालून डोक्यामागची बाजू शिवायची, पुढची कड मोकळी ठेवायची. कपाळावर येणाऱ्या कडेला गोट, मागे एखादा गोंडा. खणाची कुंची सगळ्यात देखणी. खणाचं माहेर बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड, म्हणजे आपल्या शेजारच्या कर्नाटकातलंच. त्या छोट्या छोट्या नक्षीला बाळाच्या चेहऱ्याशेजारी जी शोभा येते ती छापील कापडाला येत नाही. मात्र खणाची उलटी बाजू खरखरीत असते, जर तर टोचतेच. म्हणून आतून अस्तर हवं, आणि ते नवं नको. दहा वर्षं धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा मलमलची जुनी साडी घ्या. गळ्याशी बांधायचे बंद आखूड ठेवा, आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवा. कुठलाही बंद, कुठलीही नाडी झोपलेल्या बाळाच्या गळ्याशी राहता कामा नये. मोती लावायचे तर दुहेरी दोऱ्यानं, प्रत्येक मोत्याला वेगळी गाठ मारून लावा. धागा तुटला तर एकच मोती सुटेल, ओळच्या ओळ बाळाच्या हातात येणार नाही.

आमच्या घरातली कुंची आईनं माझ्या थोरल्या भावासाठी शिवलेली. लाल खण, हिरवा काठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती ट्रंकेत तळाशी होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर वरचे कपडे चिखलाचे गोळे झाले होते. खणाचा लाल रंग अस्तरात उतरला होता. मी ती रिठ्याच्या पाण्यात तीन वेळा धुतली, सावलीत वाळवली, आणि अस्तर काढून टाकलं. अस्तर उसवताना आईचे टाके दिसले. इतके बारीक आणि एकसारखे की कात्री लावायला हात धजेना. खण वाचला. त्याला सुनेच्या ओढणीचं नवं अस्तर लावलं, आणि नातीचं बारसं त्याच कुंचीत झालं. त्या कुंचीत आता दोन घरांतलं कापड आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे बोरन्हाणं चालतात. काळं कापड एरवी मंगलकार्यात चालत नाही, संक्रांतीला मात्र मुद्दाम काळं. थंडीत काळा रंग ऊब धरतो, आणि त्याच्यावर हलव्याचे पांढरे दागिने उठून दिसतात. काळं सुती झबलं शिवायला एक दुपार पुरते. दागिन्यांना मात्र दोन-तीन संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळी मला सगळ्या सणापेक्षा प्रिय आहेत. हलव्याच्या दाण्याला सुईनं भोक पाडायला जाल तर दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून त्यात दाणा बसवायचा, फास आवळायचा, पुढचा दाणा घ्यायचा. हार, बाजूबंद, कमरपट्टा, मुकुट, कृष्ण करायचा असेल तर बासरी. आत्या एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, मधे परात. हल्ली पुठ्ठ्यावर डिंकानं दाणे चिकटवलेले तयार दागिने मिळतात. दिसायला ते छान असतात, पण बोरन्हाणाचं बाळ पहिलं काय करतं? बाजूबंद तोंडात घालतं. आमच्या घरात दागिना दोऱ्याचाच, आणि समारंभ झाला की लगेच उतरवून घट्ट झाकणाच्या डब्यात. दमट हवेत हलवा पाझरतो, चिकट होतो आणि मुंग्या लागतात.

डोक्यावरून ओतायचं ते बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगूळ. आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत शिवारात ऊसतोड चालू असते, घाटे हिरवेगार मिळतात. यातलं प्रत्यक्ष बाळाच्या डोक्यावर फक्त चुरमुरे घाला. बोरं आणि करवे बाजूला, सतरंजीवर ओता, मोठी पोरं लुटतील. लहानग्याच्या हाताला शेंगदाणा, बोराची बी, कडक गोळी लागू देऊ नका. घशात अडकायला एक दाणा पुरतो. गर्दीत सगळे फोटो काढत असतात तेव्हा एका माणसानं फक्त बाळाच्या हाताकडे बघत बसावं. आमच्याकडे ते काम पणजीकडे असायचं.

आता वेशभूषेकडे येते. सांगलीकरांना वेशाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं ते याच गावात, संस्थानाच्या आश्रयानं. त्या गावात शाळेच्या स्पर्धेसाठी पोराला भाड्याचा ताठ अंगरखा घालून उभं करायचं, याचं मला वाईट वाटतं. माझ्या पुतण्याच्या मुलाला एकदा असाच महाराजांचा पोशाख आणला होता. आत अस्तर नव्हतं, गळ्याची जर उलटलेली. पाच मिनिटांत मानेवर लाल चट्टे उठले. त्याला आठ ओळी पाठ होत्या, दोन म्हणून तो रडायला लागला. महिनाभर आरशासमोर म्हणत होता बिचारा. दोष त्याचा नव्हता, आम्हा मोठ्यांचा होता. कुणीही तो अंगरखा आदल्या दिवशी त्याला घालून पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी नातीची पाळी आली. 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. सावित्रीबाई आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जन्म 1831 चा. नात सात वर्षांची. माझी एक जुनी सुती साडी घेतली, लाल काठाची. सात वर्षांच्या पोरीला अर्धी साडी पुरते. रुंदी मात्र जास्त होते. काठ कापायला नको म्हणून वरचं कापड आत दुमडून घेतलं. कंबरेला इलॅस्टिक घालून काष्टा पक्का शिवून टाकला. म्हणजे पायजम्यासारखं ओढून घालता येतं, आणि लघवीला जायचं झालं तर पोरीला कुणाची वाट बघावी लागत नाही. नऊवारी शिवणाऱ्या प्रत्येक आईनं एवढं कराच. आदल्या दिवशी तिला ते घालून अंगणात पळायला लावलं. दोनदा पायात आलं, दोन ठिकाणी वर उचलून टाके घातले.

मग ती म्हणाली, "आज्जी, पण मी सावित्रीबाई आहे हे कळणार कसं? सगळ्याच मुली लुगडं नेसून येणारेत."

तेव्हा मी तिला पिशवीची गोष्ट सांगितली. सावित्रीबाई मुलींना शिकवायला निघाल्या की वाटेत लोक अंगावर शेण आणि चिखल टाकत. म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जात, शाळेत पोचल्यावर ते बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. नात बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच उठली, उरलेल्या अर्ध्या साडीची घडी घातली आणि म्हणाली, मला पिशवी शिवून दे. खादीच्या तुकड्याची पिशवी अर्ध्या तासात झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, पिशवीत काय आहे गं? तिनं घडी बाहेर काढून दाखवली. "हे दुसरं लुगडं. अंगावरच्यावर शेण टाकलं तर मी हे नेसणार आणि शाळेत जाणार." तिनं पाठ केलेलं भाषण त्याच्यापुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी शेवटच्या रांगेत होते, मला डोळे पुसायलाही सुचलं नाही.

मुकुट, ढाल, गदा यांना पुठ्ठा पुरतो. साडीच्या खोक्याचा घ्या, तो कडक असतो. चिकटवायला मैद्याची खळ. पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, पोरांच्या वस्तूच्या खळीत तो घालायचा नाही. खळ ताजी करा आणि उरलेली टाकून द्या.

गोकुळाष्टमीला कृष्णाचं पितांबर हवं असतं, आणि हळदीच्या गावात पिवळ्या रंगासाठी बाजारात कशाला जायचं? जुना पांढरा सुती पंचा तुरटीच्या पाण्यात भिजवा, हळदीच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, सावलीत वाळवा. असा सोन्यासारखा पिवळा येतो की बघत राहावं. उन्हात वाळवलं तर रंग उडतो. एक गोष्ट मी अनुभवानं शिकले. पहिल्या वर्षी त्या पंच्याला साबण लावला आणि जागोजागी तांबडे डाग पडले. वाटलं, गेलं पितांबर. शेजारच्या आजींनी लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढायला सांगितलं, डाग पुन्हा पिवळे झाले. साबणात खार असतो आणि खारानं हळद लाल होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच गुणामुळे. हे पोरांसमोर वाटीत करून दाखवा. कपडा बाजूला राहील आणि अख्खी दुपार त्यातच जाईल.

वाढदिवसाबद्दल थोडकंच बोलते. भडंग, केळी, ओल्या नारळाची वडी, आणि ताकाचा मोठा गंज. सांगलीत भडंग असताना बाकी खाऊची चिंता नको. सजावटीला वर्षभर साठवलेल्या चिंध्यांच्या त्रिकोणी पताका, सुतळीवर ओवलेल्या. त्या दरवर्षी निघतात, दरवर्षी त्यात दोन-चार नव्या भर पडतात, आणि पोरं स्वतःच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा शोधत बसतात. आलेल्या मुलांना खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे, आत चार चिंचोके आणि एक भोवरा.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे. औक्षणाला बसणाऱ्या पोरीच्या अंगात नायलॉनची जाळी नको. समोर निरांजन असतं, फुगीर घेर ज्योतीजवळ जातो. सुती कापडही पेटतं, जपावं तिथंही लागतं, पण नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. कापड कशाचं आहे कळत नसेल तर एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि वाटीवर पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. कडक मणी झाला तर ते कृत्रिम धाग्याचं. औक्षण सुती परकरात करा, जाळीचा फ्रॉक नंतर खेळायला घाला.

आणि परकर शिवताना खालच्या बाजूला आडव्या घड्यांच्या टीपा घाला. एक इंचाची घडी उसवली की परकर दोन इंच उतरतो. पाच-सहा वर्षांचं मूल वर्षाला दोन-अडीच इंच वाढतं, पण कंबरेखालची वाढ त्याहून कमी, म्हणून एक घडी वर्षभराहून जास्त पुरते. तीन घड्या घातल्या तर चार वर्षं तोच परकर. पोलक्याला काखेखाली दोन्ही बाजूंना दोन बोटं माया ठेवा आणि ती टीप लांब टाक्याची मारा, उसवायला सोपी जाते.

परवा नातीच्या परकराची दुसरी घडी उसवली. जांभळा खण, चौथ्या वाढदिवसाला शिवलेला. धुऊन धुऊन वरचं कापड फिकं झालंय, आणि घडीतून मोकळी झालेली पट्टी मात्र पहिल्या दिवसासारखी गर्द जांभळी. ती तिथं बोट फिरवत म्हणाली, "आज्जी, हे नवीन कापड कधी जोडलंस?" मी म्हटलं, जोडलं नाही गं, ते पहिल्यापासून आतच होतं. तिनं परकर उलटा केला, उरलेली तिसरी घडी चिमटीत धरली आणि विचारलं, "मग ही कधी उसवायची?"