पॅटर्न बघून पुस्तक

अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपले की पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी झुंबड उडते. सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक नव्या पुस्तकांसाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच जुन्या पुस्तकांसाठीही आहे. आणि शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचे पैसे भरता भरताच ज्या घराची ओढाताण झालेली असते, त्या घरातला विद्यार्थी इथे आधी जुन्या पुस्तकांचीच चौकशी करतो.

जुने पुस्तक हातात आले की किंमत बघण्याआधी मुखपृष्ठावरचे पॅटर्नचे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आराखड्याचे, वर्ष बघावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ या वर्षांच्या पॅटर्ननुसार बदलला. नवा पॅटर्न चारही वर्षांना एकदम लागू होत नाही. तो आधी प्रथम वर्षाला लागतो आणि त्या तुकडीबरोबर दरवर्षी एकेक पायरी वर सरकतो. त्यामुळे एकाच महाविद्यालयात एकाच वेळी खालच्या वर्गाला नवा आणि वरच्या वर्गाला जुना पॅटर्न चालू असतो, आणि सीनियरने आपुलकीने दिलेले पुस्तकही ज्युनियरच्या उपयोगाचे नसण्याची शक्यता असते.

मात्र हे सगळ्याच पुस्तकांना लागू नाही. स्थानिक प्रकाशनांची, एकेका सत्रासाठी युनिटनुसार बेतलेली पुस्तके पॅटर्नबरोबर जुनी होतात. गणित, यांत्रिकी किंवा विद्युत परिपथ यांवरच्या मूळ संदर्भग्रंथांचे तसे होत नाही, कारण विषयाचा पाया पॅटर्न बदलल्याने बदलत नाही. म्हणून संदर्भग्रंथाची एखादी आवृत्ती मागची मिळाली तरी ती बिनधास्त घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनेकदा फरक असतो तो प्रकरणांच्या क्रमाचा आणि उदाहरणांच्या क्रमांकांचा. समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने सोडवलेली गणिते आणि ‘आयएमपी’ (महत्त्वाचे) अशा खुणा असतील, तर त्या पुस्तकाचे मोल उलट वाढते. पाने मात्र सगळी आहेत ना, विशेषतः शेवटची तक्त्यांची आणि उत्तरांची, हे दुकानातच उभे राहून तपासावे.

खरेदीला निघण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम शांतपणे वाचावा. प्रत्येक विषयाच्या शेवटी पाठ्यपुस्तकांची आणि संदर्भग्रंथांची स्वतंत्र यादी असते. पहिल्याच आठवड्यात ती सगळी विकत घेण्याच्या दडपणाखाली अनेक घरांचे पैसे जातात, आणि प्रत्यक्षात एखाद्या जाडजूड ग्रंथातले एकच प्रकरण लागते. तेवढ्यासाठी ग्रंथालय पुरते.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकपेढी आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावे. पुस्तकपेढीत विषयांचा संच सत्रभर किंवा वर्षभर मिळतो आणि परीक्षा झाल्यावर परत करायचा असतो. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी तर शासनाची पुस्तकपेढी योजना होती, आणि तिच्यात संचाचे आयुष्य तीन वर्षांचे धरले होते. ज्याला निम्म्या किमतीतले पुस्तकही परवडत नाही, त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही, आणि म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने पुस्तकपेढी नेटाने चालवली पाहिजे.

झेरॉक्सचा प्रश्न थोडा नाजूक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. शिकवण्याच्या ओघात वेगवेगळ्या पुस्तकांतले उतारे एकत्र करून दिलेले संच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील सवलतीत बसतात, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. पुढे अपिलात ते प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले गेले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अभ्यासासाठी लागणाऱ्या उताऱ्यांना त्यामुळे मोठा आधार मिळाला. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची संपूर्ण नक्कल बांधून विकण्याला मात्र त्याचा आधार घेता येणार नाही.

आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची एनपीटेल या ऑनलाइन मंचावरची व्याख्याने विनामूल्य आहेत, आणि आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अभ्याससाहित्य घरबसल्या शोधता येते.

राहिला प्रश्न पुस्तके विकण्याचा. पॅटर्न बदलण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या तुकडीने परीक्षा संपताच पुस्तके विकावीत, कारण नवा पॅटर्न लागू झाला की त्यांना बॅकलॉग (आधीचे विषय सुटायचे) राहिलेले विद्यार्थीच काय ते विचारतात आणि दुकानदारही ती घ्यायला फारसे राजी होत नाहीत. संदर्भग्रंथ विकण्याची घाई करू नये. गेटच्या, म्हणजे पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला तेच पुन्हा लागतात.