रिकाम्या खोलीचा आवाज

दार उघडतं. एक माणूस आत येतो, आतल्या नटीशी दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो. पुढचं कुणी बोलायचं, हे दोघांनाही ठाऊक नाही. कॅमेरा मात्र चालूच आहे.

तुटपुंज्या पैशांत केलेल्या ‘फक्त प्रौढांसाठी’च्या चित्रपटाचा विषय निघाला, की चर्चा नग्नतेपाशीच अडते. पण तोही सिनेमाच आहे. आणि फसतो तो सिनेमा म्हणूनच.

आधी डोळे मिटून हा प्रसंग नुसता ऐका. संवादामागे पंख्याची घरघर आहे आणि प्रत्येक कटला ती बदलते. कधी जवळ येते, कधी एकदम नाहीशी होते. रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवला असता, तर हे सांधे त्याखाली झाकता आले असते. त्याला पैसे लागत नाहीत. सगळ्यांनी तीस सेकंद गप्प उभं राहायचं, एवढंच. ते झालं नाही, म्हणून मग सगळ्यावर सिंथेसायझरची एकच धून पसरली. भेट असो, भांडण असो, ठेका तोच.

प्रकाशाचंही तेच. खिडकीतलं ऊन साधारण ५६०० केल्विनचं (प्रकाशाचा रंग या एककात मोजतात), निळसर. खोलीतला दिवा ३२००च्या आसपास, पिवळा. त्यामुळे नटीचा एक गाल निळा दिसतो, दुसरा नारिंगी. पडदा ओढून घेतला असता तरी भागलं असतं.

भिंतीवरचं घड्याळ मध्येच मागे जातं, ते सोडून देऊ.

१६ मिलिमीटरच्या फिल्मचं ४०० फुटी रीळ ११ मिनिटांत संपायचं. काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे आधी ठरवावंच लागे. पुढे व्हिडिओ आला, कॅसेट बराच वेळ सलग चालू ठेवता येऊ लागली. खर्च वाचला, पण निवड करायची सवय मोडली. इथला हा लांबलचक शॉट त्यातूनच आलेला आहे. कॅमेरा सगळं दाखवतो, पण बघत काहीच नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. जवळीक शरीरांइतकीच चेहऱ्यांवर घडते. संकोच, होकार, एकमेकांकडे टाकलेली नजर. ही नटी मध्येच केस मागे सारते आणि समोरच्याकडे बघून हसते. संवादातलं नाही, तिचं स्वतःचं हसू. सबंध चित्रपटात एवढा एकच क्षण जिवंत आहे.

नेमका तेव्हाच कॅमेरा खाली वळतो.